उंचीवरचा रोजमेळ
मनाली ते लेह सायकल प्रवासात पाच मित्रांनी खिंडीच्या अलीकडे घेतलेला निर्णय

व्यापाऱ्याच्या घरात रोजमेळ म्हणजे काय, हे लहान मुलालाही ठाऊक असते. दिवसभरात जे आले आणि जे गेले, ते त्याच दिवशी लिहायचे. उद्यावर ठेवायचे नाही. पुण्यातील पाच मित्रांनी अशीच एक वही समुद्रसपाटीपासून ३,२०० मीटर उंचीवर, जिस्पा नावाच्या लहानशा गावात उघडली. तिच्यात रुपयांचे आकडे नव्हते. डोकेदुखी, भूक, झोप आणि थकवा यांची ती नोंदवही होती. ती उघडण्याची वेळ का आली, ही या प्रवासाची खरी हकिकत आहे.

पाचही जण व्यापार-व्यवसायातले. दोघे रविवार पेठेतील कापडाच्या घाऊक दुकानाचे भागीदार. थोरले ५२ वर्षांचे, धाकटे ४६ वर्षांचे. तिसरे मार्केट यार्डातील भुसार मालाचे आडतदार, चौथे औषधांचे घाऊक विक्रेते आणि पाचवे सनदी लेखापाल. सात-आठ वर्षांपासून पहाटे एकत्र सायकल चालवण्याचा त्यांचा नेम. सिंहगडाचा घाट, बोपदेव आणि कात्रज हे त्यांचे नेहमीचे रस्ते. त्यातूनच मनाली ते लेह हा सुमारे ४७५ किलोमीटरचा मार्ग माउंटन बाइकवरून पार करण्याचा बेत ठरला.

बेत ठरण्यामागे आणखी एक कारण होते, पण त्याचा उच्चार कोणी करत नव्हते. दोन वर्षांपूर्वी परगावच्या एका व्यापाऱ्याकडील मोठी उधारी बुडीत निघाली होती. थोरल्या भागीदारांना ते कळले होते. तरीही धाकट्याला चिंता नको म्हणून त्यांनी ती गोष्ट सहा महिने स्वतःजवळ ठेवली. रक्कम पुढे भरून निघाली, दुकान सावरले. मात्र अठरा वर्षांच्या भागीदारीत पडलेली ती बारीक चीर बुजली नव्हती. हिशेब चोख चालत होता, बोलणे मोजके झाले होते. दोघांनी चार दिवस दुकानाबाहेर एकत्र काढावेत, असे उरलेल्या तिघांना मनापासून वाटत होते.

पायांची तयारी आणि श्वासाची तयारी

जून अखेरीस निघायचे आणि चातुर्मास बसण्यापूर्वी घरी परतायचे, हे पहिल्याच बैठकीत ठरले. दिवस मोजकेच होते. सनदी लेखापालांनी मुक्कामांचा तक्ता केला. लेहला पोहोचल्यावर ५,३५९ मीटर उंचीच्या खार्दुंग ला खिंडीवर चढून प्रवासाची सांगता करायची, असा शेवटचा रकाना त्यात होता. ‘ला’ या शब्दाचा अर्थच तिकडील बोलीत खिंड असा आहे.

चार महिने सराव झाला. तरीही या तयारीला एक मर्यादा होती. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई; त्याची उंची १,६४६ मीटर. मनाली हे नुसते निघण्याचे ठिकाण, तेही सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे. सिंहगडाचा घाट शंभर वेळा चढल्याने मांड्या बळकट होतात, परंतु विरळ हवेची सवय शरीराला विरळ हवेतच राहून होते. हवेत प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे सुमारे २१ टक्केच असते. उंचीवर हवेचा दाब मात्र घटतो. ५,००० मीटरवर तो समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत जेमतेम निम्मा उरतो. म्हणजे प्रत्येक श्वासात हाती येणारा प्राणवायूही तेवढाच. शरीर त्याच्याशी जुळवून घेते, पण त्याला वेळ द्यावा लागतो. म्हणूनच ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी विश्रांती घ्यावी, असे पर्वतीय वैद्यकाचे जाणकार सांगतात.

सामान, तंबू आणि शिधा यांसाठी मनालीतून एक गाडी व चालक सोबत घेतला. शिध्यात खाखरे, मेथीचे ठेपले, मुगाची डाळ, तांदूळ, गूळ, सुंठ आणि सुकामेवा होता. वाटेवरच्या तंबूवजा धाब्यांत राजमा-भात, नूडल्स आणि आम्लेट मिळते. त्यामुळे कांदा-लसूण व कंदमुळे वर्ज्य असणाऱ्यांना स्वतःचा शिधा बाळगणे सोयीचे पडते. प्रेशर कुकर तर हवाच. ४,३०० मीटरच्या आसपास पाणी ८६ अंशांवरच उकळू लागते. उघड्या पातेल्यात डाळ तासन् तास ठेवली तरी बोटचेपी होत नाही.

चंद्रा आणि भागा

मनालीहून पुढे आता दोन वाटा आहेत. २०२० च्या ऑक्टोबरात खुला झालेला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा डोंगराखालून थेट लाहौलमध्ये नेतो आणि अंतर ४६ किलोमीटरने वाचवतो. या पाच जणांनी ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीचा जुना रस्ता घेतला, कारण उंचीची पहिली ओळख तिथेच होते. मढी येथे एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी खिंड आणि पलीकडे सिस्सूकडे उतार. खिंडीच्या अलीकडे देवदाराची गर्द राने आणि ओल होती. पलीकडे उघडे डोंगर, बटाटा-वाटाण्याची हिरवी शेते आणि कोरडा वारा.

तांडी येथे चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा संगम आहे. येथून पुढे त्यांना चंद्रभागा म्हणतात. खाली तीच चिनाब होते. पंढरपूरच्या भीमेला चंद्रभागा म्हणणाऱ्या मुलखातून आलेल्या या मंडळींनी संगमावर बराच वेळ काढला. तेथून केलाँग, मग जिस्पा. पाचव्या दिवसापर्यंत सर्वांची प्रकृती उत्तम होती. उत्तम होती, म्हणूनच चूक झाली.

एक मुक्काम गाळला

तक्त्याप्रमाणे जिस्पानंतरचा मुक्काम पटसेओला होता. सुमारे ३,८०० मीटर उंचीवरचे हे मैदान एके काळी मोठ्या व्यापारी जत्रेचे ठिकाण होते. तिबेट आणि लडाखकडील व्यापारी लोकर, मीठ व टाकणखार मेंढ्यांच्या पाठीवर लादून येत. कुलू-लाहौलकडील व्यापारी धान्य घेऊन येत. सौदे होत आणि बर्फ पडण्याआधी दोन्ही बाजू आपापल्या मुलखाकडे परतत. भुसार आडतदारांना त्या मैदानाविषयी विशेष कुतूहल होते.

परंतु त्या दिवशी दुपारी एक वाजताच पटसेओ आले. पाय ताजे होते. पुढे ४,२७० मीटरवरील झिंगझिंगबार गाठले तर एक दिवस वाचेल आणि तो खार्दुंग लासाठी हाताशी राहील, असे थोरले भागीदार म्हणाले. पाचांमध्ये तेच सर्वांत तयारीचे सायकलस्वार. लेखापालांनी तक्त्याची आठवण दिली, पण आग्रह धरला नाही. अशा रीतीने ३,२०० मीटरवर झोपलेली माणसे दुसऱ्या रात्री ४,२७० मीटरवर झोपायला निघाली. एका दिवसात १,००० मीटरहून अधिक.

झिंगझिंगबारच्या अलीकडे वितळलेल्या बर्फाचा ओढा रस्त्यावरून वाहत होता. असे ओढे पहाटे घोट्याइतके असतात; ऊन चढेल तसे फुगतात आणि दुपारी गुडघ्यापर्यंत येतात. जाणते लोक ते सकाळीच ओलांडतात. या मंडळींनी सायकली खांद्यावर घेऊन चार वाजता बर्फगार पाण्यातून पलीकडचा काठ गाठला. थोरले भागीदार सर्वांच्या पुढे होते. पलीकडे गेल्यावर ते दगडावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

“एकासणे कसले?”

सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याचा परिपाठ होता. सहा वाजता मुगाची खिचडी वाढली गेली. थोरल्या भागीदारांनी ताट बाजूला सारले आणि म्हणाले, “आज माझे एकासणे समजा.” व्रताचे नाव निघाल्यावर कोणी अधिक विचारीत नाही. औषध विक्रेते रोज संध्याकाळी प्रत्येकाच्या बोटाला प्राणवायू मोजण्याचे छोटे यंत्र लावत. त्या दिवशी थोरल्यांनी, बोटे गार पडली आहेत, आकडा चुकीचा येईल, असे सांगून हात मागे घेतला. तेही खोटे नव्हते. गार बोटांवर ते यंत्र खरोखरच चुकते.

धाकट्या भागीदारांच्या मनात मात्र ते वाक्य अडकून राहिले. अठरा वर्षे एकाच गादीवर बसलेल्या माणसाला समोरच्याच्या सवयी कळतात. ते तंबूबाहेर गेले. थोरले गाडीच्या आडोशाला वाकून उभे होते. नुकतीच उलटी झाली होती.

“भाऊ, सकाळी जिस्पात नाश्ता झाला. दुपारी दारच्यात तुम्ही आमच्या पंगतीला जेवलात. मग एकासणे कसले?”

थोरले काही बोलले नाहीत.

“डोके कधीपासून दुखते आहे?”

“पटसेओच्या आधीपासून. रात्री झोपलो की उतरेल. माझ्यामुळे तुम्हां चौघांचा दिवस कशाला वाया घालवायचा?”

“दोन वर्षांपूर्वीही तुम्ही हेच म्हणाला होतात,” धाकटे म्हणाले.

दोन वर्षांत त्या गोष्टीचा उच्चार प्रथमच झाला होता. थोरल्यांनी मान खाली घातली. थोड्या वेळाने ते म्हणाले, “फार दुखते आहे रे.”

खिंडीच्या पलीकडे उतार नव्हता

पाचही जण एका तंबूत बसले. औषध विक्रेत्यांनी थोरल्यांना जमिनीवरच्या एका रेघेवरून टाच अंगठ्याला लावीत चालायला सांगितले. ते नीट चालले. तोल गेला असता किंवा बोलण्यात विसंगती आली असती, तर तो मेंदूला सूज येऊ लागल्याचा इशारा ठरला असता. बसल्या जागी धाप लागली असती, तर फुप्फुसांत पाणी होत असल्याची शंका आली असती. ती लक्षणे नव्हती. परंतु तीव्र डोकेदुखी, उलटी आणि अन्नावरची वासना उडणे एवढे पुरेसे होते.

भुसार आडतदारांनी विचारले, रात्र इथेच काढून सकाळी खिंड ओलांडली तर? पलीकडे सरचू आहेच, आणि ते फारसे उंचही नाही.

प्रश्न साधा होता, पण साऱ्या मार्गाची मेख त्यातच आहे. सरचू सुमारे ४,२९० मीटरवर, म्हणजे झिंगझिंगबारच्याच उंचीवर आहे. उंचीच्या आजारावर खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणे. आणि सरचूहून खाली उतरायची सोपी वाटच नाही. मागे फिरावे तर ४,८९० मीटरची बारालाचा ला पुन्हा चढावी लागते. पुढे जावे तर ५,००० मीटरहून उंच लाचुलुंग ला वाटेत आहे. चहूबाजूंनी उंचवटे असलेल्या परातीत माणूस सापडावा, तशी ती जागा. बारालाचाच्या अलीकडे मात्र रस्ता सरळ खाली जातो. निर्णय घ्यायचा तो खिंडीच्या अलीकडेच.

मग कोणी वाद घातला नाही. सायकली धाबेवाल्या बाईंच्या तंबूत बांधून ठेवल्या आणि अंधार पडण्याआधी गाडी निघाली. चालकाने फुगलेला ओढा सावकाश, पाण्याचा अंदाज घेत पार केला. एकाने सोबत जावे आणि तिघांनी वर थांबावे, असेही सुचवले गेले होते. परंतु वर थांबणारे तिघेही तेवढीच उंची एका दिवसात चढून आले होते. सर्वांनीच उतरावे, असे ठरले. रात्री उशिरा जिस्पा आले. १,००० मीटरच्या त्या उतारानेच थोरल्यांचे डोके निम्मे हलके झाले होते.

सकाळी केलाँग या जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णालयात तपासणी झाली. डॉक्टरांनी दोन दिवस विश्रांती सांगितली, आणि लक्षणे पूर्ण गेल्याखेरीज पुन्हा वर चढू नये असे बजावले. तक्त्यातील दोन दिवस गेले. खार्दुंग लाचा रकाना लेखापालांनी स्वतःच्या हाताने खोडला.

वहीतील चार रकाने

जिस्पाला भागा नदीच्या काठावर दुपारभर दोघे भागीदार बोलत बसले. काय बोलले ते दोघांनाच ठाऊक. संध्याकाळी धाकट्यांनी गाडीतील हिशेबाची वही आणली आणि पाच जणांची पाच पाने केली. प्रत्येक पानावर चार रकाने होते : डोके, भूक, झोप, चाल. दिवस मावळण्यापूर्वी प्रत्येकाने आपले खरे सांगायचे आणि दुसऱ्याने ते लिहायचे. स्वतःचे पान स्वतः लिहायचे नाही. सुरुवात वयाने मोठ्यापासून. कारण मोठ्यांनी दुखणे सांगितले, तर लहानांना सांगायला संकोच वाटत नाही. हा नियम थोरल्या भागीदारांनीच सुचवला.

तिसऱ्या दिवशी ते पुन्हा निघाले. आता पटसेओचा मुक्काम झाला. आडतदारांना जुन्या जत्रेचे मैदान डोळे भरून पाहता आले. दुसऱ्या रात्री झिंगझिंगबार. धाबेवाल्या बाईंनी सायकली ताडपत्रीखाली जपून ठेवल्या होत्या. तिसऱ्या दिवशी पहाटे ओढे शांत असतानाच निघून सूरज तालाच्या निळ्या पाण्याशेजारून ते बारालाचावर पोहोचले. थोरले सर्वांत शेवटी आले. गिअर सर्वांत हलका ठेवून, दर शंभर-दीडशे पेडलांनंतर थांबून. त्यांच्या पानावर त्या दिवशी लिहिले गेले : डोके ठीक, भूक आहे, झोप मध्यम, चाल मंद.

पुढचा रस्ता कोणालाच सोपा गेला नाही. गाटा लूप्सची २१ वळणे चढताना दिसणारी वाट नेहमी खालची असते, राहिलेली कधी दिसत नाही. तेथे एका वळणावर लहानशा देवळीपाशी पाण्याच्या बाटल्यांचा ढीग आहे. बर्फात अडकून तहानेने मेलेल्या एका ट्रकच्या क्लीनरची ती जागा, असे सांगतात. येणारे-जाणारे तेथे पाणी ठेवतात. यांनीही एक बाटली ठेवली. नकी ला, मग लाचुलुंग ला आणि पांगचा उतार. पांगला लेखापालांच्या पानावर ‘डोके जड, भूक नाही’ अशी नोंद झाली. दुसऱ्या दिवशी ते गाडीत बसले, दुपारी बरे वाटल्यावर पुन्हा सायकलवर आले. वहीत त्या अंतरापुढे ‘गाडीने’ एवढेच लिहिले गेले. कोणी थट्टा केली नाही.

मोरे मैदान सुमारे ४,७०० मीटरवर चाळीस किलोमीटर सपाट पसरलेले आहे. सपाट म्हणून सोपे वाटते. पण समोरून वारा सुटला की चढणच बरी वाटू लागते. येथे पाचांनी एकामागे एक रांग धरली आणि दर दहा मिनिटांनी पुढचा माणूस मागे जाऊ लागला, म्हणजे वाऱ्याचा भार एकावरच पडत नाही. रस्त्यावर ठिकठिकाणी सीमा सडक संघटनेचे मजूर खडी पसरत होते, त्यांतील अनेक जण झारखंडहून आलेले. ज्या हवेत सायकलस्वारांना रिकाम्या हातांनी उभे राहणे जड जात होते, तेथे ही माणसे घमेली उचलत होती. गूळ आणि शेंगदाणे त्यांच्यासोबत वाटून खाल्ले गेले.

शेवटची मोठी खिंड तांगलांग ला, उंची ५,३२८ मीटर. शेवटचा टप्पा सर्वांनीच सायकल हातात धरून चालत पार केला. वर पोहोचल्यावर जयजयकार करण्याइतका श्वास कोणाजवळ नव्हता. पताका फडफडत होत्या. धाकट्यांनी थर्मासमधील सुंठेचे गरम पाणी आधी थोरल्यांना दिले. पंधरा मिनिटांत सर्व जण खाली निघाले. तेथे रेंगाळायचे नसते. रुमत्से, उपशी आणि मग सिंधू नदीच्या काठाने लेह.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी

या मार्गावर दरवर्षी अनेक सायकलस्वार जातात. आपल्या घरांतील तरुणही जाऊ इच्छितात, आणि त्यांनी जावे. निघण्यापूर्वी हृदय, रक्तदाब व मधुमेहाची तपासणी करून घ्यावी. उंचीच्या आजारासाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात; सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास ते आवर्जून सांगावे. झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. मनाली आणि जिस्पा येथे घाई करू नये. कार्यक्रमात किमान दोन दिवस रिकामे ठेवावेत. मार्गावर अनेक ठिकाणी मोबाइल लागत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. डोके दुखत असताना वर चढू नये, आणि दुखते आहे हे सोबत्यांना सांगायला लाजू नये. सर्वांत तंदुरुस्त माणूसच बहुधा सर्वांत उशिरा सांगतो.

पाचही मित्र चातुर्मास बसण्यापूर्वी पुण्यात परतले. खार्दुंग ला राहिली ती राहिलीच. पुन्हा जायचे की नाही, हे अजून ठरलेले नाही. रविवार पेठेतील दुकानात मात्र एक बदल झाला. दर शनिवारी संध्याकाळी, दुकान वाढवण्यापूर्वी, दोघे भागीदार एक वही उघडतात. कोणाकडील उधारी लांबली आहे, कोणता माल अडकला आहे आणि कोणाच्या मनात कसली शंका आहे, हे तिच्यात लिहिले जाते. थोरले सांगतात, धाकटे लिहितात. मग धाकटे सांगतात, थोरले लिहितात. वही तीच आहे. तिची पहिली पाने डोके, भूक, झोप आणि चाल यांच्या नोंदींची आहेत, आणि ती कोणी फाडलेली नाहीत.